उन्हाळा लवकर तापला म्हणून राजहंस लवकर परतले का?

आपण लिहिले आहे की, आपली शेती इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून आहे, यंदा फेब्रुवारीच्या मध्यापासूनच ऊन तापू लागले, आणि गाळपेरीच्या (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरलेल्या) हरभऱ्याशेजारी रोज सकाळी चरायला उतरणारा शंभर-दीडशे राजहंसांचा थवा महाशिवरात्रीच्या आतच दिसेनासा झाला. एरवी तो होळीपर्यंत असतो. उष्णता लवकर वाढली म्हणून हे पक्षी लवकर परतले का, हवामान असेच राहिले तर त्यांचे येणे-जाणे कायमचे बदलेल का, आणि पुण्याहून येणाऱ्या नातेवाइकांना पुढच्या वर्षी नेमके कधी बोलवावे, असे तीन प्रश्न आपण एकत्र विचारले आहेत.

गेली पंचवीस-सव्वीस वर्षे मी हिवाळ्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळ आणि पलीकडे करमाळ्याच्या बाजूच्या काठावर पक्ष्यांची मोजणी करत आलो आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की, आपल्या शेताजवळून थवा नाहीसा होण्याचे थेट कारण ऊन असण्याची शक्यता कमी आहे आणि धरणाचे पाणी हे कारण असण्याची शक्यता बरीच जास्त आहे. मात्र एका शेताच्या बांधावरून पाहिलेल्या एका वर्षाच्या घटनेवर कोणीही ठाम निदान करू नये, मीही करणार नाही. वसंतातील हवामानाचा परतीच्या स्थलांतरावर परिणाम होतोच. पण तो कोठे होतो, कधी होतो आणि कोणत्या पक्ष्यावर होतो, हे वेगवेगळे पाहावे लागते.

आधी नावाविषयी एक खुलासा करतो, कारण पुढे घोटाळा नको. आपल्याकडे ज्याला सर्रास राजहंस म्हणतात, त्याचे पुस्तकी मराठी नाव पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, पिवळसर नारिंगी चोच आणि तशाच रंगाचे पाय असलेला हा कादंब आहे. तो मंगोलिया, तिबेटचे पठार, चीनमधील छिंगहाय सरोवर आणि किरगिझस्तान या भागांत वीण करतो आणि त्याचा मोठा हिस्सा हिवाळ्यासाठी भारतात उतरतो. मंगोलियात मानेला पट्टा चढवलेले पट्टकादंब भारतातील तळ्यांवर दिसल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे हा नातेसंबंध केवळ तर्काचा राहिलेला नाही.

आता मूळ अडचण पाहू. एखाद्या ठिकाणी पक्षी दिसेनासा होणे आणि तो परतीच्या प्रवासाला निघणे, या दोन घटना बाहेरून अगदी सारख्या दिसतात. आपल्या बाबतीत नेमके काय घडले, हे त्यामुळेच आधी ठरवावे लागेल. मी स्वतः या बाबतीत चांगलाच फसलो आहे. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस सलग तीन सकाळी कुंभारगावच्या काठावर एकही पट्टकादंब दिसला नाही, तेव्हा मी वहीत ‘गेले’ असा शब्द लिहून त्याखाली रेघ ओढली आणि दोन-तीन जणांना फोन करून तसे सांगूनही टाकले. चौथ्या दिवशी आमचा नेहमीचा नावाडी म्हणाला, “सर, गेले कुठं, पलीकडं बसल्यात की.” त्याच्या होडीतून तासाभराने आम्ही करमाळ्याच्या बाजूच्या एका नव्याने उघड्या पडलेल्या पट्टीजवळ पोहोचलो, तर तेथे आपल्या ओळखीचे ते सगळे पक्षी ओल्या मातीतले कोवळे गवत खुडत निवांत चरत होते. वहीतला तो शब्द मी खोडला नाही. नव्या माणसांना दाखवण्यासाठी तो तसाच ठेवला आहे.

उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. पण पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग असा की, फुगवट्याचे काठ बऱ्याच ठिकाणी अतिशय उथळ उताराचे आहेत. कालव्याला आणि नदीत आवर्तन, म्हणजे पाळीचे पाणी, सुटले की पाणी उंचीने हातभर उतरते, पण काठ मात्र शेकडो पावले मागे सरकतो. उघड्या पडलेल्या गाळावर आधी चिखल असतो, मग लव्हाळे आणि कोवळे गवत उगवते, आणि तेवढ्यात गाळपेर करणारे शेतकरी नांगर घेऊन पोहोचतात. पट्टकादंबाला रात्री उथळ पाण्यात सुरक्षित बसायला जागा आणि सकाळी जवळच चरायला गवत किंवा कोवळे पीक, अशा दोन गोष्टी एकमेकींजवळ हव्या असतात. पाणी हटले की ही जोडी मोडते, आणि मग थवा पाच-दहा किलोमीटर सरकतो. ज्या वर्षी पाऊस कमी आणि आवर्तने लवकर, त्या वर्षी हे सरकणेही लवकर होते. २०२४ मध्ये तर धरण जानेवारीतच उणे पातळीत गेले होते, म्हणजे त्यातला उपयुक्त साठा संपला होता; अशा वर्षी एखाद्या गावच्या काठावर पक्षी फेब्रुवारीत दिसले नाहीत, तर त्यावरून त्यांच्या स्थलांतराबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

यात आणखी एक भर पडते, ती माणसांची. हरभरा-गहू राखण्यासाठी वाजवलेले फटाके, थव्याच्या अगदी जवळ नेलेल्या होड्या आणि अलीकडे डोक्यावरून फिरणारे ड्रोन यांनी पक्षी जागा सोडतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. आपल्या शेजारी कोणी यंदा राखण कडक केली होती का, एवढे आठवून पाहावे. पिकाचे नुकसान होते तेव्हा शेतकऱ्याने हुसकावू नये असे मी म्हणणार नाही, पण तारखेचा हिशेब करताना ही गोष्ट धरली नाही, तर दोष उगाच उन्हावर जातो.

समजा, पक्षी खरोखरच निघाले. तर मग निघण्याची वेळ कोण ठरवते? येथे बहुतेक लोक थेट तापमानाकडे बोट दाखवतात, कारण आपल्याला उकडायला लागलेले असते. पण पक्ष्याच्या शरीरात परतीची तयारी सुरू होते ती मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. कॅनडातील विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात एडमंटन येथे, कडाक्याच्या हिवाळ्यात, उघड्या पिंजऱ्यांत ठेवलेल्या जुंको नावाच्या छोट्या पक्ष्यांना विजेच्या दिव्यांनी रोज थोडा थोडा जास्त उजेड दिला. बाहेर हाडे गोठवणारी थंडी असूनही त्या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंत आल्यासारखी वाढू लागली. पुढच्या संशोधनाने यात बरीच भर घातली आणि काही पक्ष्यांच्या शरीरात उजेडाशिवायही चालणारे वार्षिक घड्याळ असते हे दाखवून दिले, पण मूळ मुद्दा टिकून आहे: हंगाम कोणता, हे पक्ष्याला प्रामुख्याने सूर्य सांगतो आणि तापमान त्यावर थोडीफार दुरुस्ती करते.

आपल्या अक्षांशावर हा इशारा मंद असतो. इंदापूरच्या आसपास डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो १२ तासांच्या थोडा वर जातो. तेवढ्याच काळात मंगोलियात दिवस सव्वाआठ तासांवरून १२ तासांवर पोहोचतो. तरीही आपल्याकडचा हा तासाभराचा फरक पुरेसा ठरतो. फेब्रुवारीपासून पक्षी जास्त खाऊ लागतात, कातडीखाली आणि पोटात चरबी साठवतात, आणि पुष्कळ जातींत पिसांचा रंग बदलतो. काळ्या शेपटीचे पाणटिवळे मार्चमध्ये दुर्बिणीतून पाहावेत. डिसेंबरात राखाडी असलेल्या त्यांच्या मानेवर आणि छातीवर विटकरी रंग चढू लागलेला असतो. पांढऱ्या धोब्याच्या गळ्याखाली काळा पट्टा रुंदावतो. उजनीच्या काठावर वसंताचे सर्वांत विश्वासार्ह लक्षण मला हे वाटते, थर्मामीटर नव्हे.

मग हवामानाला काम उरते कोणते? माझ्या समजुतीप्रमाणे दिवसाची लांबी पक्ष्याला साधारण तीन-चार आठवड्यांची खिडकी उघडून देते, आणि त्या खिडकीतील नेमकी कोणती रात्र निवडायची हे हवामान ठरवते. येथे ‘हवामान’ म्हणजे तापमानापेक्षा वारा अधिक. पाठीमागून वारा असेल तर तेवढ्याच चरबीवर पक्षी कितीतरी लांब जातो, आणि समोरून असेल तर ती चरबी निम्म्या वाटेत संपू शकते. म्हणून शरीर तयार झालेले पक्षीसुद्धा आठवडाभर काठावर बसून राहतात आणि मग एका रात्रीत निम्मा थवा नाहीसा होतो.

महाराष्ट्रात मार्चमध्ये वाऱ्याचे गणित जरा विचित्र असते. या दिवसांत विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकातून खाली केरळ-तमिळनाडूकडे एक खंडित वाऱ्याची रेषा अधूनमधून तयार होते. हवामान खात्याच्या अंदाजात आपण तिच्याविषयी ऐकले असेल. या रेषेच्या पश्चिमेला वायव्येकडून कोरडे वारे येतात, म्हणजे उत्तरेकडे निघालेल्या पक्ष्याच्या तोंडावर; पूर्वेला मात्र बंगालच्या उपसागरावरून दक्षिण-आग्नेयेकडून दमट वारे येतात, म्हणजे त्याच्या पाठीशी. ही रेषा थोडी इकडेतिकडे सरकली की उजनीवरच्या पक्ष्यांसाठी रात्र अनुकूल की प्रतिकूल, हे बदलते. याच रेषेवर गडगडाटी ढग आणि गारपीटही होते, त्यामुळे अनुकूल वारा हवा असला तरी ढगांच्या रांगेत शिरणे पक्ष्याला परवडत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये राज्यात झालेली गारपीट आपल्याला आठवत असेल. फेब्रुवारीत देशभर सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वाधिक होते आणि लगेच पुढच्या महिन्यात गारा पडल्या. त्या वर्षी केवळ तापमानाचा तक्ता पाहून पक्ष्यांच्या हालचालींचा अर्थ लावणाऱ्याची पुरती दिशाभूल झाली असती.

निघण्याची संध्याकाळ एकदा जवळून पाहिली की ती विसरता येत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात डिकसळच्या जुन्या रेल्वे पुलाच्या अलीकडे आम्ही सूर्यास्तानंतर होडी काठाला लावून बसलो होतो. एरवी त्या वेळी पट्टकादंब चरून परत येतात, थोडा गोंगाट करतात आणि मान पिसांत खुपसून शांत होतात. त्या दिवशी ते पाण्यात उतरलेच नाहीत. काठावर उभे राहून, माना सरळ ताणून, डोकी झटके दिल्यासारखी वर-खाली करत होते, आणि त्यांचा तो नाकातून आल्यासारखा आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरत होता. वारा दक्षिणेकडून येत असल्याचे पाण्यावरच्या लहरींवरून कळत होते. अंधार पुरता पडण्याआधी वीस-पंचवीस पक्षी उठले, एक मोठी फेरी मारून पुन्हा खाली आले, पुन्हा तोच गोंगाट झाला, आणि दुसऱ्या वेळी उठले ते खाली आलेच नाहीत. बाकीचा थवा तेथेच राहिला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा चरत होता. ‘राजहंस गेले’ असे आपण म्हणतो तेव्हा असे लहान गट आठवडाभर जात असतात, आणि शेवटचा गट गेला की आपल्या लक्षात येते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो खरोखर अवघड आहे. इंदापुरातल्या उन्हावरून पट्टकादंबाला मंगोलियातल्या बर्फाचा अंदाज येऊ शकत नाही. येथे फेब्रुवारी तापला म्हणून तेथे सरोवर लवकर वितळले असेल, असे मानायला काही आधार नाही. कित्येकदा नेमके उलटे असते. पक्षी इतका लवकर पोहोचला की पाणी अजून गोठलेले आहे, तर त्याला खायला मिळत नाही. उशिरा पोहोचला तर घरट्याच्या चांगल्या जागा गेलेल्या असतात आणि पिल्ले मोठी होण्याआधी उन्हाळा संपतो. म्हणून मोठ्या आकाराचे, टप्प्याटप्प्याने जाणारे पक्षी एक सोयीची पद्धत वापरतात. ते आपल्याकडून निघून एका दमात मंगोलिया गाठत नाहीत. वाटेत उत्तर भारतात, मग हिमालयाच्या पलीकडे तिबेटच्या खोऱ्यांत थांबतात, आणि जसजसे पुढचे गवत उगवेल, पाणी मोकळे होईल, तसतसे पुढे सरकतात. मुक्काम बदलत जाताना प्रत्येक ठिकाणचे ताजे हवामान त्यांना कळत जाते. त्यामुळे आपल्याकडून निघण्याची तारीख चार-सहा दिवस मागे-पुढे झाली, तरी वाटेत ती भरून निघू शकते.

हिमालयाचा टप्पा मात्र सोपा नाही, आणि तेथे हवामान फार स्पष्टपणे बोलते. चिल्का सरोवर, तमिळनाडूतील कुंथनकुलम आणि मंगोलिया येथे उपग्रह-यंत्रे बसवलेल्या पट्टकादंबांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यातून असे दिसले की, हे पक्षी मैदानातून चढायला लागले की साधारण सात-आठ तासांत हिमालय ओलांडतात, आणि हे काम बहुधा रात्री किंवा पहाटे करतात. दुपारी दऱ्यांतून वर चढणारा वारा त्यांना फुकटची मदत देऊ शकला असता, तरी ती ते घेत नाहीत. कारण थंड हवा दाट असते, तिच्यात पंखांना आधार जास्त मिळतो, आणि रात्री वारा शांत असल्याने झोके कमी बसतात. हे पक्षी एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडतात ही गोष्ट फार लोकप्रिय आहे. यंत्रांनी नोंदवलेली सर्वांत जास्त उंची सुमारे ७,२९० मीटर होती आणि बहुतेक सर्व नोंदी ५,५०० मीटरच्या खालच्या होत्या. मला विचाराल तर खिंडी शोधत, गरजेपुरतेच चढत जाणारा पक्षी त्या दंतकथेतल्या पक्ष्यापेक्षा जास्त शहाणा वाटतो.

या टप्प्यावर मार्च-एप्रिलमध्ये पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी वादळी हवा, येत असतात. ते आले की पर्वतावर बर्फ पडतो, ढग दाटतात, आणि मागून उत्तरेकडचा थंड वारा सुटतो. अशा वेळी पायथ्याशी थांबण्याखेरीज पक्ष्याला पर्याय नसतो. म्हणजे आपल्याकडून पंधरा दिवस आधी निघालेला गट कदाचित पंजाब-हरियाणा-उत्तर प्रदेशात दहा दिवस अडकून बसेल. कोणत्या वर्षी वसंत ‘लवकर’ आणि कोणत्या वर्षी ‘उशिरा’ हे एका गावावरून ठरत नाही, ते यामुळेच. वाटाही सर्वांच्या एक नसतात. मंगोलियातून येणारे कांड्या करकोचे शरद ऋतूत हिमालय ओलांडून येतात, पण वसंतात परत जाताना पश्चिमेकडून वळसा घालून जातात.

लहान, कीटकभक्षी आणि फार लांबून येणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि हवामान बदलाची खरी झळ तेथे दिसते. नेदरलँड्समधील पाईड फ्लायकॅचर हा छोटा माशीमार पश्चिम आफ्रिकेत हिवाळा घालवून परततो. तेथील वसंत उबदार होत गेला तशी ओकच्या झाडांवरची सुरवंटांची भरती आधी येऊ लागली, पण आफ्रिकेतून निघण्याची या पक्ष्याची वेळ दिवसाच्या लांबीला बांधलेली असल्याने त्याचे पोहोचणे तेवढे आधी सरकले नाही. क्रिस्टियान बोथ आणि मार्सेल व्हिसर यांनी २००१ साली हे दाखवले, आणि २००६ च्या अभ्यासात, जेथे सुरवंटांचा बहर सर्वांत लवकर संपत होता तेथे या पक्ष्याची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. याउलट जवळच हिवाळा काढणाऱ्या पक्ष्यांना आपल्या वीणस्थळाच्या हवेचा अंदाज बऱ्यापैकी येतो, म्हणून युरोपात त्यांच्या तारखा जास्त प्रमाणात आधी सरकल्या आहेत. आपल्या पट्टकादंबाला यांच्या मधली स्थिती लाभली आहे: अंतर मोठे, पण मुक्काम पुष्कळ. म्हणून तो तुलनेने सावरून घेईल असा माझा अंदाज आहे; हा अंदाज आहे, मोजलेली गोष्ट नव्हे.

पट्टकादंबांपैकी काही मुळात हिमालय ओलांडतच नाहीत, हेही येथे सांगायला हवे. ल्हासाजवळच्या नदीखोऱ्यांत, कापणी झालेल्या सातूच्या शेतांत, हजारो पट्टकादंब हिवाळा काढतात. तेथील हिवाळे सौम्य होत गेले तर आपल्याकडे यायची गरज काहींना कमी वाटू शकते. त्यामुळे बदल झालाच तर ‘लवकर जाणे’ यापेक्षा ‘कमी येणे’ किंवा ‘उशिरा येणे’ या रूपात तो आधी दिसेल, असे मला वाटते. आपण नोव्हेंबर-डिसेंबरातील पहिली तारीख लिहून ठेवता का? नसल्यास ती लिहायला लागावे. मार्चच्या तारखेपेक्षा ती अधिक कामाची ठरू शकते.

आपल्या परिसरातील उन्हाचा परिणाम अजिबात नसतो असेही नाही. तो अन्नाच्या वाटेने होतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण पट्टकादंब नसून भोरडी, म्हणजे गुलाबी मैना, आहे. भोरड्या जुलै-ऑगस्टपासून येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. आपण त्यांना परदेशी पाहुणे म्हणतो खरे, पण वर्षातले जास्त महिने त्या इथेच असतात, तेव्हा पाहुणे कोणाचे हा प्रश्नच आहे. ज्वारीच्या कणसांवरची त्यांची धाड सर्वांना ठाऊक असते. काटेसावर, पळस आणि पांगारा फुलले की त्याच भोरड्या मधावर तुटून पडतात, आणि म्हणूनच त्यांना पळसमैना हे दुसरे नाव मिळाले. उन्हाने हा बहर लवकर आला आणि लवकर झडला, तर भोरड्यांचे मोठे थवे आपल्या भागातून लवकर हलतात. एप्रिलमध्ये त्या पंजाबाकडे पिकलेल्या तुतीवर असतात आणि तेथून मध्य आशियात टोळ-नाकतोड्यांच्या मागावर जातात. येथे ऊन, फुले आणि पक्षी यांचा संबंध डोळ्यांनी दिसतो. पट्टकादंबाच्या बाबतीत तसा संबंध काठावरचे गवत वाळण्यापुरता आहे, आणि उजनीसारख्या सतत मागे हटणाऱ्या पाण्याजवळ ओले गवत कोठे ना कोठे मिळतेच.

आता थोडे नोंदींविषयी, कारण आपण ‘एरवी होळीपर्यंत असतो’ असे लिहिले आहे आणि माझे मन तेथे अडखळले. होळी दरवर्षी इंग्रजी कॅलेंडरात पुढे-मागे होते. कधी ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात येते, तर कधी अखेरीस. महाशिवरात्रीचेही तसेच. पक्ष्याचे घड्याळ सूर्याचे आहे, आपल्या सणांचे चंद्राचे. अधिक मास येऊन गेल्यानंतरच्या वर्षी सण उशिरा येतात आणि त्याच तारखेला निघालेले पक्षी ‘होळीच्या आधीच गेले’ असे वाटू लागते. म्हणून नोंद इंग्रजी तारखेने ठेवावी. आपल्या आठवणीतील तारखा एकदा या दृष्टीने तपासल्या, तर लवकर जाण्याचा निम्मा भाग कदाचित तेथेच विरघळेल.

दुसरे असे की, शेवटचा पक्षी दिसल्याची तारीख फसवी असते. जखमी, अशक्त किंवा वयात न आलेला एखादा पक्षी सगळे गेल्यावरही महिनाभर रेंगाळतो. कोकणच्या किनाऱ्यावर तर काही चिखलपायट्या जातींची पहिल्या वर्षाची पोरे अख्खा पावसाळा येथेच काढतात, परत जातच नाहीत. त्यामुळे मी शेवटचा पक्षी लिहीत नाही. दर चार दिवसांनी, त्याच जागी, त्याच वेळी थव्याचा आकडा लिहितो, आणि एकही दिसला नाही तर शून्यही लिहितो. आकडा निम्म्यावर आला तो दिवस मला जास्त खरा वाटतो. सोबत धरणाची पातळी आणि सकाळचा वारा लिहिला की तीन-चार वर्षांत बोलण्यासारखे काहीतरी हाती येते. भारतात या कामासाठी २००७ साली मायग्रंटवॉच नावाचा उपक्रम सुरू झाला होता. आता तशा नोंदी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर करता येतात. माझ्या स्वतःच्या जुन्या वह्यांत अशी शिस्त नव्हती, आणि म्हणून २०२२ च्या विक्रमी उष्ण मार्चसारख्या वर्षाविषयी त्या वह्यांवरून मला छातीठोकपणे काही सांगता येत नाही, याची चुटपुट आहे.

थोडक्यात पुन्हा मांडायचे तर, आधी पाणी आणि हुसकावणे ही कारणे तपासावीत, मग सणाऐवजी तारखेने तुलना करावी, आणि त्यानंतरही पक्षी लवकर निघाले असे दिसले तर त्या आठवड्यातला वारा पाहावा. ऊन या यादीत खाली येते.

राहिला नातेवाइकांचा प्रश्न. पट्टकादंब नक्की दाखवायचे असतील तर डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बोलवावे, आणि निघण्याआधी दोन दिवस कोणत्या काठावर थवा बसतो आहे हे नावाड्याला विचारून घ्यावे. पाणी बरेच उतरल्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उथळ भागात जमतात, तेव्हा त्यांच्यासाठी फेब्रुवारी-मार्च बरा. कुरव आणि विटकरी झालेले पाणटिवळे मार्चच्या अखेरीसही भेटतात. पण घरात कोणाला खरीच आवड असेल, तर त्या एकालाच मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात थांबवून घ्यावे. दुपारी मोबाइलवर वाऱ्याच्या नकाशात दीड हजार मीटर उंचीचा थर पाहावा; बाण दक्षिणेकडून येताना दिसले आणि आकाश मोकळे असले, तर सूर्यास्तानंतर होडी काठाला लावून इंजिन बंद ठेवायला सांगावे. पहिला गट बहुधा उठून परत खाली येतो, तेवढ्यावर उठून जाऊ नये. दुसऱ्या वेळेपर्यंत थांबावे.